संदर्भ तापमान

यादीत एका रेघेला एक ओळ मिळते.
कुठे आहे, किती गडद, किती रुंद,
कुठल्या पायरीवरून रेणूनं उडी मारली,
आणि शेवटी दोन आकडे :
चूक किती असू शकेल, आणि हे सांगितलं कोणी.
तिथेही क्रमांकच. नावाला जागा नाही.

सगळं दोनशे शहाण्णव केल्व्हिनला.
म्हणजे तेवीस अंश.
मुंबईत ते जानेवारीच्या पहाटे
दूध येईपर्यंत टिकतात.
बाकी वर्षभर आम्ही गणितानं थंड करून घेतो.

अमोनियाची यादी माझ्याकडे आली
कारण मी चेंबूरची.
असं कुणी म्हणालं नाही, मला वाटतं आपलं.
खतकारखान्याकडून वारा फिरला
की आई खिडकी लावायची,
म्हणायची, 'आला बघ तुझा मामा.'
आता तोच मामा
हजारो रेघांत उभा माझ्यासमोर
आणि मी त्याची ओळखपत्रं तपासते.

त्यातल्या चार रेघा कुणाच्याच नव्हत्या.
सोळाशे सत्तावन्नच्या जरा पुढे,
फिकट, पेन्सिल टेकवून उचलावी तशा.
तीस वर्षं त्यांच्यापुढचा रकाना रिकामा.
नव्या गणितात त्या येतच नाहीत.
सिक्वेरा मॅडम म्हणाल्या, मोजमाप आपलंच आहे,
जुनं, ट्रॉम्बेचं. वह्या बघ.

वही सापडली. कापडी पुठ्ठा,
कडा झुरळांनी खाल्लेल्या.
जुलै महिना. 'नळी क्र. ११. काच : हि. वै.'

हि. वै. म्हणजे हिराजी वैती,
ट्रॉम्बे कोळीवाड्यातला, काच फुंकणारा.
शोधनिबंधात तो नाही.
तिथे चार आडनावं, चौघेही डॉक्टर.
मी लागले तेव्हा त्याचं शेवटचं वर्ष होतं.
निळ्या ज्योतीवर काच
गुळाच्या पाकासारखी लवायची
आणि तो गाल फुगवून बोलायचा थांबायचा, मध्येच,
वाक्य तोंडात धरून.
मला म्हणाला होता,
'बाय, काच सुकी दिसते. सुकी कदी नसते.
रातभर भाजली तरी पाणी राहतंय तिच्या अंगात.'

वहीत खाली, दुसऱ्याच अक्षरात :
'वीज गेली ३.१०. पंप बंद. भट्टी थंड.
नमुना तसाच भरला.'

तसाच भरला.

मी पाण्याची यादी उघडली.
तिथे चौघीही होत्या, ठाण मांडून,
चौथ्या दशांशापर्यंत त्याच.
अमोनिया नव्हताच तो.
त्या दुपारची हवा होती, खाडीवरून आलेली,
काचेला आतून चिकटून बसलेली.
दिवा लागला
आणि तिनं आपल्या वाटणीचा उजेड खाल्ला.
एवढंच.

मग जगात कुठे कुठे
कुणी गोठ्यावरची हवा मोजताना,
कुणी दूरच्या ग्रहाचं आभाळ वाचताना
ट्रॉम्बेचा दमटपणा
अमोनिया समजून हिशेबात धरत आले.
फार नाही, थोडासाच.
पण तीस वर्षं.

चार ओळी खोडल्या.
कारण लिहावं लागतं, साठ अक्षरांत.
'पाण्याची अशुद्धी' असं लिहायची रीत आहे.
मी 'पाणी' लिहिलं आणि थांबले.
अशुद्ध झाला तर अमोनिया झाला होता.
पाणी जसं होतं तसं होतं.

चुकीच्या घरात कधी कधी शून्य असतो.
नवी मुलं खूश होतात, चूक शून्य!
त्यांना सांगावं लागतं,
आमच्याकडे शून्य म्हणजे कुणी सांगितलं नाही.

निघाले तेव्हा एसी बंद केलेला, भिंतीवर एकतीस.
माहुलच्या बाजूला रिफायनरीची ज्योत,
नारिंगी, कुणी न फुंकता हलणारी.
बस वळली आणि वारा फिरला.
माझ्या शेजारची खिडकी उघडी होती.
बाईनं विचारलं, लावू का?
म्हटलं, असू दे.