व्यंकटसाहेब

दप्तरखान्यात अकरा नंबरच्या रॅकवर,
वाळवीच्या बाजूला,
ऑगस्टस विन्कटची एकोणतीस वर्षं बांधून ठेवलीत.
नाडी मीच बदललीय, दोनदा.

बाविसाव्या वर्षी आला. पुण्यात शास्त्रीबुवांपुढे
मांडी घालून मराठी शिकला, मोडीसुद्धा.
परीक्षेच्या बक्षिसातून घोडी घेतली,
तिचं नाव ठेवलं विभक्ती.
(इथपर्यंत मला तो आवडायचा.)

हद्दीचे दगड रोवले. आंब्याची रोपं लावली,
किती जळाली तेही लिहिलं.
कुंभारीच्या पाटलाशी एका बांधावरून तासभर भांडला,
हरला, आणि हरलो अशी नोंद केली.
बायकोला कॅम्पातल्या मातीत ठेवून आला त्या दिवशीही
जावक क्रमांक तुटलेला नाही.

विन्कट हे नाव साखर पेठेत कुणाच्या जिभेवर बसेना.
विणकरांनी त्याचा व्यंकट केला
आणि प्रश्न मिटवला.

मग तो दुष्काळ.
माग थांबले. सुताची सवय असलेले हात
पहार धरून विहीर खणायला लागले.
वरून हुकूम : मजुरीचं धान्य पाव शेर कमी करा.
त्यानं हरकत घेतली, दोन पानं, देखणं अक्षर.
उत्तर आलं साडेतीन ओळींचं.
त्यानं कमी केलं.

आणि स्वतः कामावर गेला, हे मानायला हवं.
नरसव्वा गाजूल, निशाणी बांगडीची,
डोक्यावर पाटी.
त्यानं शास्त्रीबुवांच्या मराठीत विचारलं,
बाई, हुकूम ध्यानी आला काय?
ती म्हणाली : आकली, दोरा.

रात्री तंबूत त्यानं लिहिलं :
बाईस हुकूम आकळला. दोरा मागते.

शेजारच्या टेबलावरची पद्मा बोल्ली
हे वाचून आधी हसली.
मग म्हणाली, मॅडम, आमच्यात
आकली म्हणजे भूक.
आणि दोरा म्हणजे साहेब.

दुसऱ्याच दिवशी सूत मंजूर झालं.
शंभर लडी. वाटल्याची पावती जोडलेली आहे.
हजेरीपटावर नरसव्वाची बांगडी चौदा तारखेपर्यंत,
पुढचे रकाने नुसते आखलेले.

तो पेन्शन घेऊन गेला.
शेवटच्या कागदावर सही मोडीत, थोडी हललेली.
विहीर अजून आहे. व्यंकटाची विहीर म्हणतात,
शनिवारी कुणीतरी नारळ फोडतं
तिरुपतीचा समजून.
मी काही बोलत नाही, खोबरं घेते.

सध्या सगळं संगणकावर चढवतेय.
त्या नोंदीपुढे, विषय या रकान्यात, जुन्या कारकुनानं
लिहून ठेवलंय : सूत.
मूळ नोंद बदलू नये असा नियम आहे.
शेऱ्याला जागा आहे, वीस अक्षरांची.
जेवणाची सुट्टी झाली तरी
कर्सर तिथंच उघडझाप करतोय.
पद्मा डबा उघडून बसलीय,
म्हणते, या ना मॅडम,
आकली नाही का?