खांब नसलेली जागा

राजकोटचे वसावडा आधी वर बघतात.
सगळेच वर बघतात. मग मी सांगते,
खांब नाहीत. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
एकसुद्धा नाही.
ते मान हलवतात,
नसलेली गोष्ट समोर दिसावी तशी.

मग जमीन. बुटाची टाच दोनदा आपटून बघतात.
त्यांचा पंप चार टनांचा, वर क्रेन.
पेलेल का?
मागच्या डिसेंबरात इथे बोट उभी होती, शेट,
अख्खी, डोलकाठीसकट,
आणि तिच्या पोटाखाली सावली म्हणून
सुतार डबे उघडून जेवले.

आग्नेल पहारीनं झाकण उचलतो.
‘हांगा पळयात.’
वीज, पाणी, दाबाची हवा, दर सहा मीटरवर.
वसावडा गुडघ्यावर बसतात,
विहिरीत डोकावतात तसे डोकावतात.

मागचं दार दाखवलं तेव्हा पहिल्यांदा हसले.
ट्रक सरळ आत येतो, स्टॉलच्या अंगणात थांबतो.
हे हसू कुणाचं ते मला आता कळतं:
ज्यानं रात्री दोन वाजता
कुठल्यातरी शहराच्या भर रस्त्यात
भिजणारी खोकी मोजली आहेत, त्याचं.

‘इथून समुद्र दिसतो?’
नाही. वेर्ण्याचा सडा हा, खाली जांभा, वर वारा.
दिसला असता तर तुमच्या पंपापाशी
कोण थांबलं असतं?

हे मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही.
माझे आपा माशेलचे, खाजेवाले.
चार बांबू, एक ताडपत्री, गुळाचा डबा,
आणि वर्षाच्या चोवीस जत्रा.
देवळाच्या दाराशी कधी मांडलं नाही त्यांनी.
तिथे माणूस देवाच्या घाईत असतो, म्हणायचे.
दर्शन झाल्यावर चपला शोधायला वाकतो ना,
तिथे मांड. वाकलेल्या माणसाला
आल्याचा वास आधी येतो.

आणि एकटं बसू नये.
एकच खाजेवाला दिसला की लोकांना शंका येते,
सात जण ओळीत बसले की जत्रा होते.
सातांतला एक रायू खांडेपारकर,
आपांशी आठ वर्षं बोलत नव्हता,
पण त्याच्या शेजारची जागा आपांनी सोडली नाही.

म्हणून मी वसावडांना कोपरा देते तिसऱ्या रांगेतला,
पाण्याच्या नळाजवळ, कॉफीच्या वाटेवर.
समोर कोण?
कोईमतूरवाले. तेही पंपच.
त्यांचा चेहरा पडतो.
मग हळूहळू, मनातल्या मनात हिशेब होऊन,
पुन्हा वर येतो.

एक गोष्ट मात्र मी सांगत नाही.
आपा दर वर्षी मैदानात
गेल्या खेपेची बांबूची भोकं
पायाच्या अंगठ्यानं शोधायचे.
गवताखाली, कधी शेळीच्या लेंड्यांखाली, सापडायचीच.
‘हं, इथे,’ म्हणायचे, आणि बांबू
जुन्या ओळखीनं खाली उतरायचा.
इथे तसं काही नाही.
बोट गेली, फरशा गेल्या, दंतवैद्यांच्या खुर्च्या गेल्या,
लग्नं तर किती गेली.
पहाटे यंत्र फिरतं, चिकटपट्ट्या खरवडतं,
आणि जमीन असं तोंड करते
की आपण त्या गावचेच नाही.
भाडं ह्याचंच आहे. वसावडा,
तुम्ही घासाघीस करताय ती ह्याच्यासाठी.

मी खडूनं फुली मारते, इथे तुमचा पंप.
ते फुलीवर उभे राहतात. खिशातून काही काढत नाहीत,
मोजत नाहीत.
शेवटच्या दिव्यांचा खटका आग्नेलच्या हाताखाली,
त्याला सहाची बस आहे.

‘दोन मिनिटं,’ वसावडा म्हणतात,
आणि एकदाच टाळी वाजवतात.
आवाज लांब जातो.
आम्ही तिघंही थांबतो तो परत यायची.