शाळा सोडण्याचे कारण

दाखल्याच्या त्या रकान्यात गेली एकवीस वर्षं
मी एकच वाक्य लिहीत आलोय,
पालकांच्या विनंतीवरून.
जागाच तेवढी. दीड इंच.
कावेरी बंडगरच्या दाखल्यावरही तेच लिहिलं.
तारीख घातली एकतीस जुलै.
त्या दिवशी ऑगस्टची नऊ होती.

तिचा बाप बाकावर अर्धाच टेकला होता,
फेटा काढून मांडीवर.
खाली सांगलीची पांढरी गाडी,
मागच्या काचेवर संस्थेचं नाव, इंजिन चालूच.
तिथं मॅट हाय म्हणला, रोज दोन अंडी,
ऱ्हाणं-खाणं फुकट.
"आमची मेंढरं चारा बघून हालत्यात, भाऊसाहेब.
त्यास्नी कुठं लागतोय दाखला?"
मी शिक्का मारला.
शाई ओली होती, फुंकरही मीच घातली.

आमचा पट एकशे बारा.
जतच्या पार पुढं, जिथं अर्धं गाव कानडीत भांडतं,
तिथं मुरमाचं मैदान आणि एका टोकाला बाभळीचा खांब.
खो-खोच्या बारा पोरी जमवायला
पाच्छापुरे सर दरवर्षी घरोघर हिंडतात,
आयांच्या हातापाया पडतात.
संस्थेचा पट तीन हजार.

स्पर्धेत गट असतात.
चौदाखालचे, सतराखालचे, एकोणीसखालचे.
कुस्तीला तर दोनशे ग्रॅम जास्त भरलं म्हणून
पोरं पहाटेपासून थुंकत बसतात.
शाळेला मात्र काटा नाही.
एकशे बारा आणि तीन हजार
एकाच तक्त्यात, एकाखाली एक.

तालुका आम्ही जिंकला. समोरची शाळा आलीच नाही.
जिल्ह्याला पहिल्याच फेरीत कावेरी.

निळा टी-शर्ट, पाठीवर सात, पायात बूट.
आमच्याकडे अनवाणी पळायची.
डावा खांदा पाडून उजवीकडं निसटायची तिची हूल
आमच्या पोरींना पाठ होती.
आणि तिला आमच्या सगळ्या पोरी पाठ.
लक्ष्मी कोळी दमली की जीभ चावते,
हे सांगलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?
तिसऱ्या मिनिटाला लक्ष्मीनं जीभ चावली.
कावेरीनं तिला खांबाशी गाठलं, पाठीवर हात टेकला,
आणि हात उचलायला
जरा उशीर केला.

डावानं हरलो.
मी पाण्याचा कॅन धरून उभा.
सर आले, मानेपर्यंत लाल.
"हरकत टाकायची. अर्ध्या तासाच्या आत.
तारखेत घोळ आहे, माझं मन सांगतंय.
पाचशे रुपये मी भरतो.
तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा."

माझं अक्षर चांगलं आहे, हे खरं.
त्या दाखल्यावरही चांगलंच आलंय.

मंडपाच्या कडेला खुर्ची ओढली, कागद मांडीवर घेतला.
अर्ज चालला तर पोरीचं वर्ष जाईल,
दहावीचे खेळाचे गुण जातील, माझी नोकरीही हलेल.
नाही दिला तर पुढच्या वर्षी
ती गाडी लक्ष्मीसाठी येईल, इंजिन चालूच.
बाप तेव्हाही अर्धाच टेकेल.
मी नाही म्हणेन का?
फेटा मांडीवर असलेल्या माणसाला?

तेवढ्यात जास्मिन मुलाणी आली.
कावेरी गेली म्हणून संघात आलेली.
त्याआधी दोन वर्षं
हिच्याकडं फक्त चुन्याच्या रेघा मारायचं काम होतं.
ढोपर सोललेलं, त्यावर माती तशीच.
"भाऊसाहेब, माझा वेळ लिहून घेतला का?
मी मोजत होते मनात, पण मधेच चुकले."

सर घड्याळाकडं बोट दाखवत होते.
अर्जाच्या कोऱ्या कागदावर
मी आधी लिहिलं,
जास्मिन मुलाणी, एक मिनिट वीस सेकंद.
तिनं वाकून वाचलं, दोनदा.

मग खाली नवी ओळ धरली.
आजची तारीख घातली, खरी.
विषय, म्हणून थांबलो.
अजून अकरा मिनिटं होती.