लोकरीवरचं स्टेशन

हॅरोमॉसला स्टेशन आधी कागदावर झालं.
दलदलीला कुणी विचारलं नव्हतं.

अठराशे एकावन्नचा उन्हाळा. खडी टाकली, गिळली.
ओंडके टाकले, गिळले. एक तट्टू गेलं लगामासकट,
आणि ऑक्टोबरात एक आयरिश खोदकामगार.
मुकादमाच्या वहीत नोंद एवढीच :
फावडं एक, कमी.

तेव्हा धनगरीण टॅबिथा डॉड ठेकेदाराला म्हणाली,
नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, हिशेबाला पक्की,
"दगड घालून काय होणार, साहेब. लोकर घाला.
लोकर पाणी पिते, पण हात सोडत नाही."

त्या वर्षीची सगळी कातरण गेली मातीखाली,
हेदरच्या जुड्यांवर, थरावर थर.
टॅबिथानं पैसे दोनदा मोजून घेतले
आणि वर मागितली फाटकवालीची नोकरी, झोपडीसकट.
गावानं त्या हिवाळ्यात जुनेच मोजे रफू केले.

पहिल्या गाडीला बँड होता, पाद्री होता,
स्टेशनमास्तर प्रिंगलची टोपी नवीकोरी.
गाडी थांबली आणि फलाट
किंचित दबला, किंचित वर आला,
झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा.
पाद्री प्रार्थनेतली एक ओळ विसरला.

पुढे सवय झाली. टॅबिथाला घड्याळ लागायचं नाही.
कपातला चहा थरारला की ती कंदील घेऊन उठायची.
मालगाडी असली तर चहा बशीत.

दर सप्टेंबरात मेंढ्या जायच्या न्यूकॅसलच्या खाटकांकडे,
फळ्यांच्या डब्यांत, वाफाळत,
आपल्याच पणज्यांच्या अंगावर उभ्या.
त्या दिवशी ती फाटक उघडायची आणि बघायची दुसरीकडे.
एकदाच प्रिंगलला म्हणाली,
"इथं गप्प होतात ह्या. पुढच्या स्टेशनात परत ओरडतात."
प्रिंगलनं ते रोजनिशीत लिहिलं,
मग खोडलं.

एकोणीसशे एक, जानेवारी. राणी गेल्याची तार आली.
खांबांना काळं कापड गुंडाळलं, ब्रॅडफर्डच्या गिरणीचं.
ऐंशीची टॅबिथा नातीला धरून आली,
कापड चिमटीत चोळून पाहिलं.
"बारीक आहे. पण भेसळ."

मग वाकून तळहात टेकला फलाटावर.
नातीला वाटलं, राणीसाठी.
म्हातारी बराच वेळ तशीच.
"सहा-दहाची उशिरा आहे," म्हणाली.
आणि उठता उठता,
"फावडं नव्हे गं.
कॉर्मक."