नसलेली चिंच

इटगी फाट्यावरून गावात शिरताना
रस्ता सरळ आहे.
सरळ कुणी जात नाही.

पंचायतीच्या नळापुढं सगळे किंचित डावीकडं सरकतात:
दुधाचे कॅन लटकवलेली एम-एटी,
वैरणीचा भारा जरा तिरका करून कल्लव्वा,
शाळेची पोरं,
आणि दिवे लागायच्या वक्ताला भरमाण्णाच्या अकरा म्हशी.
पुढं कानफाटी थोरली,
बाकीच्या तिच्या शेपटीच्या हिशेबानं.

मी जनावरांच्या दवाखान्यात नवा.
विचारलं, इथं काय होतं?
"चिंच होती की ओ साहेब. रस्ता रुंद केला तवा पाडली."
कधी?
"माझं लगीन व्हायचं होतं अजून."

म्हणजे ह्या म्हशींच्या पणज्या
खोडाला अंग घासत वळल्या असतील.
ह्यांनी वळणं पाहिलं.
खोड नाही.

एकदा मुद्दाम सरळ चालून गेलो.
पायाखाली डांबर, सोड्याच्या बाटलीचं एक झाकण.
नळावरच्या बायका मात्र गप्प झाल्या.
कल्लव्वानं घागर अर्धी ठेवून विचारलं,
"ऊटा आतेन्री?"
दुपारचे चार वाजलेले.
झालं, म्हटलं. झालं नव्हतं.
ह्या प्रश्नाला इकडं कानडीत, मराठीत एकच उत्तर आहे
आणि पोटाचा त्याच्याशी संबंध नाही.
बायका पुन्हा बोलायला लागल्या.

परवा चार महिन्यांचं एक रेडकू उधळलं,
चिंचेच्या पोटातून आरपार
पलीकडं जाऊन उभं राहिलं.
कळप अजून वळणातच.
ते कान ताठ करून ओरडलं,
थोरलीनं मान वळवली नाही.
मग आलं माघारी, त्याच वाटेनं,
आणि आईच्या मागून वळलं,
नीट, सावकाश, अंग चोरून.

"काय दिसलं असंल हो त्याला?"
भरमाण्णा काठी बगलेत धरून तंबाखू मळत होता.
"काय दिसतंय? पलीकडं कोन नव्हतं.
तेवढंच बघा की."

काल रात्री अडलेली म्हैस सोडवून परत येत होतो.
लाईट गेलेली, नळावर फक्त एक कुत्रं झोपलेलं.
हातांना अजून जाराचा वास.
हँडल आपलं आपण डावीकडं गेलं
आणि मी मान खाली घातली,
फांदी लागेल म्हणून.