शेरा

तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर मिरची तपासते.
मार्केटातून पोती येतात, पोत्यातून मूठभर नमुना.
लाल रंग मिरचीचा, की कुणी वरून चढवलेला,
ते यंत्र सांगतं, मी सही करते.
अमुक इतकं चालेल, त्यावर कणभरही नाही.
घरी येऊन हात तीनदा धुते,
तरी डोळा चोळला की झोंबतो.

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत
दर चौथ्या शनिवारी मुलांना सिनेमा दाखवतात,
क्लबहाउसात, सतरंज्या अंथरून, भिंतीवर.
आधी कुणीतरी बघून पास करायचा.
सेक्रेटरी वेंगुर्लेकर म्हणाले, तुम्हीच करा,
तुमचं तर कामच ते.

म्हणून गुरुवारी रात्री, ओटा पुसून झाला की
कानात इअरफोन घालून बसते.
दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने:
रक्त. शिव्या. दारू. चुंबन. भूत.
मिनिट, सेकंद, शेरा.
‘चौतिसावं मिनिट, सुरा दिसतो, लागत नाही.’
‘एक तास सात, काका सिगारेट काढतो,
पेटवायच्या आत फोन येतो.’
‘साला, दोनदा. चालेल?’
तळमजल्यावरच्या थंगम कुट्टी विचारतात, भीतीदायक आहे का?
निशिगंधाचे बाबा विचारतात, वादग्रस्त काही नाही ना?
हसू येतं का, असं कुणी विचारत नाही.

ऑगस्टातला तर डोळे झाकून पास व्हावा असा.
कुत्र्याचं पिल्लू, डोंगर, एक बोबडा मुलगा.
पाचही रकाने कोरे.
पिल्लू शेवटी सापडतं. टाळ्या पडल्या.
माझी स्वरदा, वय वर्षं आठ,
घरी आली आणि न जेवता झोपली.

झोपली कसली.
अंधारात म्हणाली,
‘त्याची आई दार लावून आत काय करत होती?’
कुठलं दार? मला आठवेना.
रात्री दीडला पुन्हा लावला.
बावन्नावं मिनिट. अकरा सेकंद.
मुलगा काहीतरी सांगायला येतो,
आई म्हणते, ‘नंतर’, आणि दार ओढून घेते.
एवढंच. मागे संगीतसुद्धा नाही.
मला दिसलंच नव्हतं.
रंग शोधायला लावलेल्या यंत्राला
पोत्यातला खिळा दिसत नाही, तसं.
मी खोलीचं दार उघडं टाकून आले,
आणि मग कितीतरी वेळ त्या दाराकडेच बघत बसले.

आणि जो मी नापास केला होता, तलवारींचा,
तो तिनं कुट्टींकडे कधीच बघून टाकला होता
केळ्याचे वेफर्स खात.
मलाच शिकवलं, रक्त बिटाचं असतं,
घट्ट हवं असेल तर कॉर्नफ्लोअर घालतात.

वही कपाटावर गेली. दिवाळीनंतर पुन्हा काढली,
तर पाचव्या रकान्याशेजारी सहावा,
पेन्सिलीचा, तिरका, पट्टी न लावता:
आई.
खाली स्वरदाचं अक्षर.

‘हा सिनेमा आम्ही शाळेत बघितला. छान आहे.
पण आईला दाखवू नये.
शेवटी म्हातारी दवाखान्यात जाते आणी परत येत नाही.
तिचा स्वेटर आजीसारखा आहे, वरचं बटण नाही.
५८ ते ६१ मिनिटं.
दाखवायचाच असेल तर मी शेजारी बसणार.’

खाली सही. माझ्यासारखीच,
शेवटचं अक्षर लांब ओढलेली.

वेंगुर्लेकरांचा इंटरकॉम वाजला.
‘मग, पास?’
म्हटलं, थांबा जरा,
तपासनीस बाई अजून शाळेतून यायच्या आहेत.