श्वास रोखा

आठवड्याचे सहा दिवस मी माणसं आतून काढतो.
हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास रोखा.
सोडा.
रविवारी पहिल्या एसटीनं ढोरकीनला उतरतो
आणि पऱ्हाट्यांच्या कडेकडेनं पाण्याच्या दिशेनं निघतो,
गळ्यात सेकंडहँड कॅमेरा,
पिशवीत दोन भाकरी, ठेचा, दवाखान्यातलं जुनं फडकं
काच पुसायला.

कोळवणकर सिस्टर अलिबागच्या. त्या हसतात,
तुमच्या मराठवाड्यात कुठला आलाय किनारा?
आहे की, म्हणतो मी, फक्त एका जागी थांबत नाही.
दिवाळीत बोरीच्या बांधाला येऊन टेकतो
वैशाखात दीड कोस मागं पळतो
आणि टाकून जातो शिंपले, भेगा,
एका पायाची चप्पल, जाळ्याचा निळा गुंता,
गाळपेरीत लोळणारी खरबुजं.
भरती-ओहोटी वर्षातून एकदाच.
चंद्राचा संबंध नाही,
सगळं पाटबंधारे खात्याच्या हातात.

मला फोटो येत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.
रोहित उठतात तेव्हा माझं बोट उशिरा उठतं.
कार्डात नुसतं आभाळ साठलंय
जिथं ते आत्ता होते.
टिटवी मला बघून ओरडते, ती फोटोत ओरडत नाही.
बेशरमीची फुलं मात्र छान येतात,
ती कुठं जात नाहीत.

सटवाजी थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढत येतो,
दोन हातांचीच वल्ही.
मासे बघू देतो, मी त्याला फोटो बघू देतो,
असा आमचा व्यवहार.
त्यानं ओले हात धोतराला पुसले,
कॅमेरा उन्हाआड धरला, एकेक बटण दाबत गेला.
मग म्हणाला,
"साहेब, पाणी कामून वाकडं?"

पुन्हा दाखवा म्हटलं.
खरंच, प्रत्येक फोटोत उजवीकडं उतार.
नाथसागर सगळा गंगापूरकडं ओघळतोय,
गोदावरी उलटी निघालीये नाशिकला.
"पाणी तर कधी वाकडं नसतंय," तो म्हणाला,
आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जुनेदला म्हटलं, माझा काढ.
पहिल्यांदाच त्या थंड पत्र्याला छाती लावली.
पोरगं काचेमागून लाजत बोललं,
सर, श्वास रोखा.
किती मोठा असतो तो वेळ,
मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर माझा कणा आला.
शिशाचा एप्रन आळसानं एकाच खांद्यावर टाकून
रोज वरांड्यातून केलेल्या खेपा,
त्या सगळ्या तिथं होत्या,
मण्यामण्यानं डावीकडं झुकत गेलेल्या.
पाणी उतरल्यावर काठ जसा वळण घेतो
अगदी तसंच वळण.
फ्रेम बरी होती. जुनेदचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

पुढच्या रविवारी सटवाजीला सगळं सांगितलं.
त्याला हाडांचं काही नवल वाटलं नाही.
गाळातून एक चपटा दगड उचलला,
पाण्यात खंगाळला, माझ्या डाव्या पायाखाली सरकवला.
"आता बगा."

बघितलं. तीन फोटो काढले.
तिन्हींत पाणी सरळ, काठ सरळ, आभाळ जिथल्या तिथं,
आणि खरं सांगायचं तर तिन्ही मिळमिळीत.
पुसले नाहीत, पण परत उघडलेही नाहीत.

जुना वाकडा होता त्यातला एक
पैठणच्या स्टुडिओतून मोठा करून आणला,
एक्स-रेच्या खोलीत लावलाय, मशीनच्या समोरच्या भिंतीवर.
म्हाताऱ्या, कॉलेजातली पोरं, पडलेले गवंडी,
हनुवटी वर केली की त्यांची नजर तिथंच जाते,
आणि बघता बघता
जो तो थोडासा डावीकडं कलतो.

सरळ उभे राहा, मला सांगावं लागतं.
सरळ. हां.